जिन्याखालची खोली

ही गोष्ट मी माझ्या बहिणीला सांगितलेली नाही. ऑफिसात वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण — तिला वाटतं, माझं सगळं तिला ठाऊक आहे — तिलाही नाही. ज्याला सांगायलाच हवी होती, तो माणूस एकदा माझ्याच घरात माझ्यासमोर बसला होता आणि त्यानं सरळ विचारलं होतं. तेव्हाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे कारण असेल. ते तरी खरं कारण आहे का — असू दे.

सुरुवात इमारतीपासूनच करावी लागेल.

नाशिकला मेनरोडवरून आत वळलं की एक तीन मजली जुनी इमारत लागते. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, रस्त्याकडच्या खिडक्यांना लाल-निळी-पिवळी तावदानं. लोक तिला काचमाडी म्हणतात. खाली दुकानं आहेत — साड्यांचं, स्टीलच्या भांड्यांचं, एक घड्याळवाला — आणि वरच्या दोन मजल्यांवर बिऱ्हाडं. कॉलेजची मुलं वह्या घेऊन ती बघायला येतात. जुनी इमारत न पाडता कशी वाचवली, ते शिकायला. मी वरच्या मजल्यावर राहते. जिन्यात भेटली की ती मुलं विचारतात, "तुम्ही इथं पहिल्यापासून आहात का?" मी म्हणते, नाही, नंतर आले. हे खरं आहे. पण एवढंच खरं मी त्यांना सांगते.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायला लागले होते. वडील — आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो — मनमाडला रेल्वेत होते. आमच्या घरात टेबल-खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. आप्पा कुणी भेटलं की सांगायचे, "आमची सुनंदा कागदावर रेघ मारते, मग तिथं भिंत उभी राहते." मला लाज वाटायची. आवडायचंही.

काचमाडीचं काम आमच्या साहेबांकडे आलं. त्या काळात गावातली जुनी घरं पाडून सिमेंटचे ठोकळे उभे राहत होते. इमारतीचे मालक शेठ, त्यांनाही तेच हवं होतं. साहेबांनी त्यांना महिनाभर समजावलं — लाकूड चांगलं आहे, वाळवी लागलेल्या तुळया तेवढ्या बदलू, चुन्याचा गिलावा पुन्हा चुन्यानंच करू, खाली दुकानं काढू, वर स्वतंत्र ब्लॉक. साहेब हे बोलायला लागले की त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज यायचं. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

पाडायची नसली, तर इमारत आधी जशी आहे तशी मोजावी लागते. भिंत न् भिंत, खांब न् खांब. ते मोजमाप माझ्याकडे आलं. टेप धरायला सोबत ऑफिसचा शिपाई द्यायचे, पण त्याला बँकेत, नगरपालिकेत सतरा कामं. तासाभरात तो निघून जायचा. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नाही, आणि मी एकटी त्या अंधाऱ्या बोळकंडीत उभी. तेव्हा जिन्याखालच्या खोलीतून दगूमामा बाहेर आले.

दगूमामा स्टोव्ह दुरुस्त करायचे. स्टोव्ह, कंदील, लग्नात लावायच्या गॅसबत्त्या. मूळचे सायखेड्याचे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी शेठच्या वडिलांनी त्यांना जिन्याखाली जागा दिली होती — इमारतीची राखण करा आणि राहा. भाडं नव्हतं, म्हणून पावतीही नव्हती. खोली म्हणजे काय, वर जिन्याचा उतार, त्यामुळे एका बाजूला ताठ उभं राहता यायचं आणि दुसऱ्या बाजूला बसूनच जावं लागायचं. त्या बसक्या बाजूला मामींची चूल आणि फळीवर घासून लख्ख केलेली पितळी भांडी. खोलीभर रॉकेलचा वास. मामी म्हणायच्या, "मला आता वासच येत नाय, पाहुणा आला की कळतं."

"आण इकडं, धरतो मी," मामा म्हणाले. "कुठं धरायचं तेवढं दाव."

नऊ दिवस त्यांनी टेप धरला. हातातलं काम टाकून. तिन्ही मजले. मी आकडा वाचायची, वहीत लिहायची. ते भिंतीला टोक दाबून उभे राहायचे आणि मी 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. दुपारी मामी मला आत बोलवायच्या. पहिल्या दिवशी मी उंबऱ्याबाहेरच डबा उघडला. आमच्या लोकांना ती सवय असते — आधी बाहेर थांबायचं, समोरच्याचा अंदाज घ्यायचा. मामींनी आपल्या माठातलं पाणी तांब्याभर आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "आत बस की गं, बाहेर धूळ हाय." आडनाव त्यांनी विचारलं नाही. नंतर कळलं तेव्हाही काही बदललं नाही.

नवव्या दिवशी त्यांची खोली मोजली. आठ फूट बाय साडेअकरा. मामा हसत होते. "लय मोठा महाल हाय, नीट लिही," म्हणाले. मी नीट लिहिलं. दार कुठं, मोरी कुठं, उतार कुठून सुरू होतो — सगळं.

आता जवळ आलं आहे, म्हणून पुन्हा लांब जावंसं वाटतं. पण एक गोष्ट मध्ये सांगावीच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. सबब म्हणून सांगत नाही — निदान तसा प्रयत्न आहे.

त्या वर्षी आप्पा रिटायर होणार होते. आई गेलेली. रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार. मी नाशकात एका नात्यातल्या मावशीकडे, सहा माणसांच्या दोन खोल्यांत राहत होते. तिथं आप्पांना आणता आलं नसतं. मी खोली शोधत होते. एका बाईंना मी फार आवडले. त्यांनी चहा केला, गॅलरी दाखवली, तुळशीला पाणी कधी घालायचं तेसुद्धा सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलाला विचारून कळवते." अशा किती जणी कळवणार होत्या! आप्पांच्या पत्रात दर वेळी शेवटची ओळ तीच — जागेचं काय झालं?

साहेबांना हे माहीत होतं. एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. काचमाडीचा जुना, म्हणजे आहे त्या स्थितीचा नकाशा टेबलावर पसरलेला. मी शाईनं काढून पूर्ण केलेला, जिन्याखालच्या खोलीसकट. ठरलं असं होतं, की सगळ्या भाडेकरूंनी कामापुरतं बाहेर जायचं आणि जुन्या नकाशात ज्याची जेवढी जागा दिसते, तेवढी त्याला परत मिळायची. म्हणजे नकाशात जो, तो परत येणार.

साहेब नकाशातल्या जिन्याकडे बघत होते. दुकानांना मधून रुंद वाट हवी होती. ती त्या जागेवरूनच निघत होती.

"सुनंदाबाई," ते म्हणाले, "इथं खोली असं दाखवायचं कारण नाही. ही मुळात जिन्याखालची पोकळीच. 'स्टोअर' लिहा."



मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आणि हो, तुमच्या जागेचं मी शेठजींच्या कानावर घातलंय. वरच्या मजल्यावरचा मागचा ब्लॉक तुम्हाला भाड्यानं द्यायला तयार आहेत. नाव-गाव काही विचारणार नाहीत. वडिलांना खुशाल घेऊन या."

ही दोन वाक्यं त्यांनी जोडली नाहीत. मध्ये चष्मा पुसला. ती जोडली मी. त्यांनी 'नाहीतर' असा शब्दसुद्धा उच्चारला नाही. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? कदाचित नोकरी गेली असती. कदाचित काहीच झालं नसतं, साहेब म्हणाले असते, बरं, मग वाट दुसरीकडून काढू. मला हे कधीच कळणार नाही, कारण मी विचारून पाहिलंच नाही.

मी टेबलावर परत आले. ब्लेड घेतलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनं हलकेच खरवडली की निघते. हात चांगला असेल तर मागे ओरखडासुद्धा दिसत नाही. माझा हात चांगला होता. आधी मोरी काढली. मग दार. दाराच्या जागी भिंतीची रेघ ओढली आणि आत सुबक अक्षरात लिहिलं — स्टोअर. अर्धा तास लागला असेल. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं विचारलं, "चूक झाली होती का?" मी म्हटलं, हो.

पुढं ज्याची भीती होती तेच झालं. करारात दगूमामांचं नाव आलं नाही. ते वकिलाकडे गेले. कोर्टात अर्ज झाला. तेव्हा ऑफिसनं एक प्रतिज्ञापत्र टाईप केलं — इंग्रजीत — की हे मोजमाप मी स्वतः केलं आहे, आणि जिन्याखाली कोणाचंही राहतं घर मला आढळलं नाही. माझी सही हवी होती. मी सही मराठीत करते, पूर्ण नाव लिहून. केली. मला कोर्टात कोणी बोलावलं नाही, कोणी उलटतपासणी घेतली नाही. कागदाला कागद जोडला गेला आणि मामांचा अर्ज फेटाळला गेला. वकिलानं त्यांना एवढंच सांगितलं, "नकाशातच तुमची खोली नाही हो. ऑफिसनं लिहून दिलंय."

सामान काढताना मी तिथं होते. चुना दळायची घाणी कुठं बसवायची ते दाखवायला गेले होते. मामी पितळी भांडी एकेक करून गोणपाटात गुंडाळत होत्या. मला बघून मामा जवळ आले. मला वाटलं, आता हा माणूस थुंकेल तोंडावर. ते हळू आवाजात म्हणाले, "तू बरोबर काढलं व्हतं ना गं? मी म्हणलं वकिलाला, पोरीनं माझ्यादेखत लिहिलंय. मागून कुणीतरी पुसलं आसंल."

मी मान हलवली. ती हो होती का नाही, ते त्यांनी ठरवलं.

मामी सायखेड्याला लेकीकडे गेल्या. मामांचं गिऱ्हाईक नाशकातलं, ते इथंच राहिले; ओळखीच्या एका वखारीत झोपायचे. दर शनिवारी एसटीनं सायखेड्याला जायचे, सोमवारी परत. दोन वर्षांत इमारतीचं काम पुरं झालं आणि मी आप्पांना घेऊन राहायला आले. पहिल्या दिवशी आप्पांनी बुद्धवंदना घेतली, मग खिडकीशी उभे राहून बराच वेळ तावदानाची लाकडी चौकट चाचपत राहिले. मुलीच्या रेघांनी उभं राहिलेलं घर म्हणून. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, आवाज व्हावा म्हणून.

आणि मामा? ते समोरच होते. काचमाडीच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे एका पायरीवर त्यांनी स्टोव्हची पेटी मांडली. पूर्वीचं गिऱ्हाईक तिथंच शोधत यायचं ना. आमच्या इमारतीला दार एकच. सकाळी ऑफिसला जाताना ते, संध्याकाळी येताना ते. "आली का ताई?" मी म्हणायची, आले मामा. मधला मजला उतरला की मी कठडा धरून थांबायची. आठवड्यात मधेच सुट्टी आली तर मी बाहेरच पडत नसे. दुसरीकडे राहायला जावं म्हणून मी फिरले नाही का? फिरले. पुन्हा तेच — मुलाला विचारून कळवते. आणि आप्पांना काय कारण सांगणार होते? मीच माझ्याभोवती ते घर बांधून घेतलं होतं.

आप्पांना जिना उतरायला जमायचं तोवर ते मामांच्या पायरीवर जाऊन बसत. दोघांची गट्टी जमली. एक रेल्वेच्या गोष्टी सांगायचा, एक गोदावरीच्या पुराच्या. मग आप्पा त्यांना चहाला वर आणायला लागले. आणि आप्पाच मला म्हणायचे, "अगं, तू साहेबांच्या ऑफिसात आहेस. या माणसासाठी काहीतरी कर. अन्याय झालाय त्याच्यावर."

मामा म्हणायचे, "ताईची ती मोजायची वही आसंल ना कुठं. त्यात समदं लिहिलंय. ती घावली तर वकील म्हणतो पुन्हा काही करता येईल."

वही माझ्या ट्रंकेत होती. ते बसले होते तिथून चार हातांवर. मी म्हणाले, "शोधते मामा, ऑफिसात असेल." असं मी दोन वेळा म्हणाले. दुसऱ्यांदा ते गेल्यावर ती वही फाडून बंबात घातली. सकाळची वेळ होती. आप्पांना अंघोळीला पाणी हवं होतं.

पुढं एका पावसाळ्यात मामी गेल्या. मंगळवार होता, मामा इथं होते. निरोप पोचेपर्यंत आणि पुरानं बंद पडलेली एसटी चालू होईपर्यंत तिकडचं सगळं उरकलं होतं.

त्यानंतर महिनाभरानं ते वर आले. आप्पा कॉटवर होते. मामा खुर्चीत बसले, चहा प्यायले. म्हणाले, पेटी विकली, आता सायखेड्यालाच राहतो. मी म्हणाले, "खोलीचं—" आणि थांबले. ते म्हणाले, "आता कुणासाठी घ्यायची खोली?"

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. कोर्टातली नक्कल. वकिलाकडचे कागद गोळा करताना मिळाली म्हणाले. इंग्रजी मजकूर त्यांना वाचता येत नव्हता. खालची सही येत होती. चौथीपर्यंत शिकले होते. अक्षरावर बोट ठेवून त्यांनी माझं नाव वाचलं.

"मला काय नको आता, ताई," ते म्हणाले. "भांडायला आलो नाय. एवढंच सांग — ही सही तुझी हाय का? का तुझ्या नावानं दुसऱ्या कुणी ठोकली?"

आप्पांनी हात पुढं केला. कागद घेतला, चष्मा लावला. माझी सही आप्पांनी किती वेळा पाहिली असेल? प्रत्येक मनीऑर्डरवर. प्रत्येक पत्राखाली. ते कागद बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

काय जाणार होतं माझं तेव्हा? घर जाणार नव्हतं, नोकरी जाणार नव्हती. भाडेकरार माझ्या नावावर होता. समोरचा माणूस काही मागत नव्हता. घाबरायचं एकही कारण उरलं नव्हतं.

"माझी नाही," मी म्हणाले.

मामांचा चेहरा सैल झाला. अक्षरशः सैल. "वाटलंच मला," म्हणाले. "मी लेकीला म्हणलं, ती पोर आसं करायची नाय." आप्पांनी कागदाची घडी घातली, होती तशी, आणि त्यांच्या हातात दिली. "ती नाही म्हणते," आप्पा म्हणाले, "म्हणजे नाही." मामांनी आप्पांच्या पायाला हात लावला, मला म्हणाले, "सुखी राहा," आणि जिना उतरून गेले. नंतर दोन वर्षांनी ते सायखेड्यात वारले, असं कळलं.

आप्पांनी मला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. दिवाळीच्या सुट्टीत माझा चुलतभाऊ आला होता, त्याच्याबरोबर ते मनमाडला गेले. हवा मानवत नाही, म्हणाले. मी न्यायला गेले की म्हणायचे, इथं बरं आहे. शेवटचं वर्षभर ते अंथरुणावर होते तरी या घरात परत आले नाहीत. माणसं विचारत, एवढी मोठी जागा असून वडिलांना ठेवत नाही का? मी म्हणायची, त्यांना तिकडंच करमतं.

सही माझीच होती. मी ती ऑफिसात, माझ्या टेबलावर, वाचून आणि समजून केली होती. त्या वेळी कोणीही माझा हात धरलेला नव्हता.